वनमालाबाईंच्या पिशवीत काय होतं

हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी कापडी पिशवी आहे. एक बंद उसवलाय, बुडाला ठिगळ आहे, पण तोंडाची पक्की. पोटातलं मी कधी कुणाला कळू दिलं नाही. एकदाच माझ्या हातून चूक झाली, आणि तीच सांगायला बसले आहे.

माझा जन्म रायपूरचा. वनमालाबाईंनी पंडरीच्या कापडबाजारातून पडद्यांचं कापड आणलं, पडदे शिवून हातभर उरलं, त्यात मी झाले. समता कॉलनीतल्या त्यांच्या खिडकीशी शिलाई मशीन होतं. बाईंनी मला झाकण लावलं, झाकणाला बटण लावलं, आणि दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "बाजारातून काय आणलं ते रस्त्याले काहून दाखवाचं?" तेवढं मी ध्यानात ठेवलं. पुढे काय काय वाहिलं म्हणून सांगू! गोल बाजारातला मुनगा, म्हणजे शेवग्याच्या शेंगा, आणि करडईची भाजी, बाईंच्या मुलाची, शिशिरची, शाळेची पुस्तकं, मग शिशिरच्या बाबांची औषधं. ते गेले तेव्हा बाई चारचौघांत रडल्या नाहीत. ओला रुमाल मात्र रोज माझ्यात असायचा. मी कुणाला काही बोलले नाही.

मग त्या मेल्या प्लास्टिकच्या थैल्या आल्या. फुकटात मिळायच्या, आणि आतलं सगळं आरपार दिसायचं. शेजारच्या भीमाबाईंची तर चंगळच झाली, कुणाकडे आज कोणती भाजी ते त्यांना पायरीवर बसल्या बसल्या कळायचं. मी दारामागच्या खिळ्यावर लटकत होते. राग तर असा यायचा! पण खिळ्यावर टांगलेल्या पिशवीला कोण विचारतो?

एका शनिवारी बाईंनी मला काढलं, झटकलं आणि थेट गोल बाजारात बांगडीवाल्याकडे नेलं. "हिरव्या द्या, दोन दर्जन. भाचीसाठी." बांगडीवाला म्हणाला, हाथ दिखाइए. बाईंनी हात पदराआड घेतले आणि माप तोंडीच सांगितलं. बांगड्या माझ्या तळाशी गेल्या, वर मेथीची जुडी आली.

मी थक्कच झाले. शिशिरचे बाबा गेल्यापासून आठ वर्षं त्या हातांत घड्याळाशिवाय काही नव्हतं. आणि मराठी घरात हिरवा चुडा कधी भरतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. बाकीचं मला मागाहून कळलं. नरहरीराव म्हणून रेल्वेतले निवृत्त गार्ड होते, एकटेच. वाचनालयात पुस्तकं बदलता बदलता दोघांचं जमलं होतं, आणि पुढच्या महिन्यात नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलं होतं. राहिलं होतं ते फक्त शिशिरला सांगायचं. ही गोष्ट त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढीच बाईंची इच्छा होती. ठरल्यापासून बारा दिवस रोज ओठांपर्यंत यायचं आणि "भात वाढू का रे?" इथे येऊन थांबायचं.

घरी आलो तर व्हरांड्यात सरकार बसलेलं! तेव्हा राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, आणि जो तो विभाग याद्या करत सुटला होता. कुणाच्या घरी आठवडाभरात काय काय आलं, हे लिहून न्यायला धर्मपाल नावाचा कर्मचारी आला होता. माणूस गरीब स्वभावाचा, घामाने चिंब झालेला. वस्तू बघायची, लिहायची, आणि लिहिलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवायची, असा त्याचा नियम. भीमाबाईंची पाळी केव्हाच झाली होती, तरी त्या ऐकायला पायरीवर ठाण मांडून होत्या. शिशिर दाराला टेकून उभा होता.

"मेथी, एक जुड़ी," धर्मपालने लिहून वाचलं. "और थैले में क्या है, माँजी?"

"काही नाही."

बाईंनी मला मागे सरकवलं आणि, काय सांगू, मी खणकले. सगळ्या जन्मात पहिल्यांदा. लाजेने मेल्यासारखं झालं मला.

"बांगड्या दिसते वं," भीमाबाई म्हणाल्या. "कोणासाठी?"

"चूड़ी? किस रंग की, कितनी? सब लिखना पड़ता है," म्हणत धर्मपालने हात पुढे केला. बाईंनी मला पोटाशी धरलं.

"भैया, कागदावर सगळ्यात वर माझं नाव लिहिलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "सरकारले पाहाचं हाय, शहरात काय खपते ते. मंग डाळ लिहा, तेल लिहा. माझं नाव काहून पाहिजे?"

धर्मपालचं पेन थबकलं. "ऊपर से ऐसा ही आया है, माँजी. आप नहीं बताएँगी तो खाली छोड़ दूँगा."

"सांगत नाही म्हणजे काहीतरी हाय," भीमाबाई पुटपुटल्या.

झालं! आता रकाना रिकामा ठेवला तरी संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बोभाटा होणार. बाई क्षणभर डोळे मिटून बसल्या, मग उठल्या.

"खाली नका सोडू. जरा थांबा. आधी माझ्या पोराले सांगतो, मंग तुमच्या सरकारले. शिशिर, आत ये."

आतल्या खोलीत त्यांनी माझं बटण काढलं आणि बांगड्या पलंगावर ठेवल्या. "मी लग्न करून राहिली, बेटा. नरहरीरावांसंगं. तुलेच पहिले सांगाचं होतं, पण भेव वाटे."

शिशिर पलंगावर बांगड्यांशेजारी बसला. तो घरातही हिंदीच बोलायचा. म्हणाला, "बारह दिन से भात पूछ रही थीं आप, इसीलिए?"

बाईंनी मान हलवली. त्याने एक बांगडी उचलली, आईचा हात धरला आणि चढवू लागला. ती अंगठ्याच्या हाडाशीच अडली. "आई, ये तो किसी लड़की के नाप की है."

"पहिल्या लग्नातलं माप सांगितलं रे मी. हात पुढे कराची लाज वाटली."

दोघंही हसत सुटली. हसता हसता बाई रडल्या, आणि या वेळी रुमाल माझ्यात न जाता शिशिरच्या हातात गेला. मला इतका आनंद झाला की माझं ठिगळसुद्धा सुखावलं असेल.

बाहेर येऊन बाई ऐटीत बसल्या. "लिहा. हिरव्या बांगड्या, दोन दर्जन." धर्मपालने लिहिलं. वाचायला तोंड उघडलं, बाईंच्या लाल डोळ्यांकडे बघितलं आणि मिटलं. त्याने कागदच बाईंकडे फिरवला. "आप खुद पढ़ लीजिए, माँजी." भीमाबाई पायरीवर वाकून वाकून थकल्या.

त्याच संध्याकाळी शिशिर मला खांद्याला लावून बांगड्या बदलायला गोल बाजारात गेला. बांगडीवाल्याने सहज विचारलं, किसके लिए? शिशिर म्हणाला, "मेरी माँ की शादी है," आणि तेही असं, की समोरच्या भांड्याच्या दुकानात ऐकू जावं. मी दचकले. मग म्हटलं, असू दे. आता बातमी त्याच्या घरची आहे, त्याने हवी तिथे सांगावी.

तर मित्रांनो, याद्या करणारे पुढेही येतील, तुम्हीही उद्या कुठल्याशा ऑफिसात बसून याद्या कराल. जरूर करा. फक्त कुणाच्या पिशवीला हात घालण्याआधी विचारा. आणि समोरचा "काही नाही" म्हणाला, तर तेवढंच लिहा.