साखराबाईंच्या रक्तातले मणी

मित्रांनो, मी लातूरच्या एका लहानशा लॅबमधला जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्यावर फार विसंबू नका, हे आधीच सांगतो. माझ्या एका भिंगाच्या कडेला बुरशी लागली आहे आणि थंडीत माझे चाक अडखळते. मी दाखवतो ते खरे, की तो भिंगावरचा डाग, हे कधी कधी माझे मलाच कळत नाही.

अंबाल्याच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. इथे आलो तेव्हा मी नवा होतो आणि लॅबचे रेणुकादास तरुण होते. आम्ही दोघांनी हिवतापाचे कितीतरी जंतू पकडले. डॉक्टर मंडळी मुद्दाम मला बघायला यायची. मग मोठी यंत्रे आली आणि माझ्यावर प्लास्टिकची पिशवी चढली. आता बाटलीत काही उगवले, तरच ती निघते.

ही बाटली म्हणजे काय, ते सांगतो. ताप हटत नसेल, तर रोग्याचे रक्त खाद्य भरलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवतात. रक्तात जंतू असले, तर तिथे वाढतात. दोन हातांतून दोन बाटल्या घ्यायच्या असतात. सुई टोचताना एखादीत बाहेरचे जंतू शिरू शकतात. दोन्हींत तेच उगवले, तर खरे. पण आमच्याकडे नातेवाईक हमखास अडवतात. तापाने दवाखान्यात दाखल झालेल्या शिरूर अनंतपाळकडच्या साखराबाईंचा मुलगा शेषेराव असाच आडवा आला.

"आधीच रगत न्हाई तिच्या अंगात, आन् दोन-दोन बाटल्या? रगत हाय का हापशाचं पानी?"

मग एकच बाटली घेतली. तिसऱ्या दिवशी ती गढूळ झाली. रेणुकादासांनी काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि काच माझ्याखाली ठेवली. जांभळे मणी दिसले, ओळीने जोडलेले. मित्रांनो, हे घशातले जंतू. तुमच्या-आमच्या तोंडात ते रोज असतात आणि एरवी कुणाचे काही बिघडवत नाहीत. रेणुकादासांनी आजवर अनेकदा लिहिले होते तेच लिहिले, 'दूषित नमुना'.

मी अस्वस्थ झालो. मणी फार होते आणि सगळे एकाच जातीचे होते. पण माझीच नजर चुकत असेल तर? मला बोलता येत नाही, हे निमित्त त्या वेळी मला बरेच वाटले.

गोळ्यांनी साखराबाईंचा ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते. शेषेराव रिपोर्ट न्यायला खिडकीशी आला.

"काय निघालं, सर?"

"काही नाही. घशातले साधे जंतू बाटलीत पडलेत."

"मंग तीन हप्ते ताप कशाचा? दाढ काढली तवापासून रोज दिवस कलला की हुडहुडी भरून राहिली तिला. उसाच्या मोळीगत बाई, पार चिपाड झाली. लहानपनी सांधे सुजले व्हते, तवाच डॉक्टर म्हनला व्हता, काळीज कमजोर हाय म्हून."

रेणुकादासांनी पुढे केलेला कागद मागे घेतला. त्यांनी लगेच साखराबाईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टर मालविकांना फोन लावला.

"काका, त्यांना घरी सोडू देऊ नका," पलीकडून आवाज आला. "तीन बाटल्या घ्या, वेगवेगळ्या जागांवरून. मी निघालेच."

"तीन?" शेषेराव उसळला. "दोनाला न्हाई म्हनलो, तर तीन?"

रेणुकादासांनी त्याला आत बोलावले आणि माझ्या नळीला डोळा लावायला सांगितला.

"काय दिसतंय?"

"मन्याची सर तुटल्यावानी."

"आत्ता तुमच्याही घशात आहेत हे."

शेषेरावने गळ्याला हात लावला. "माझ्या? मंग मला का काही होत न्हाई?"

"पाटातलं पाणी पाटात आहे तोवर बरं. धान्याच्या कणगीत शिरलं तर? दाढेच्या जखमेतून ते रक्तात गेले असतील, कमजोर काळजाला चिकटले असतील. पण एका बाटलीवर मला खात्री नाही देता येत. आत्ताच मी..." रेणुकादासांनी रिपोर्टवरचे 'दूषित नमुना' खोडले.

शेषेरावने पुन्हा एकदा नळीला डोळा लावला. मग म्हणाला, "घ्या तीन. पर लवकर काय ते सांगा."

दोन दिवस मला करमले नाही. मग तिन्ही बाटल्या गढूळ झाल्या. तिन्हींत तेच मणी! टूडी इको या हृदयाच्या तपासणीत झडपेवर त्यांचा थर दिसला. साखराबाई घरी गेल्या असत्या, तर परत आल्या नसत्या. चार आठवडे त्यांना शिरेतून इंजेक्शने दिली.

सुट्टी झाली त्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या आणि मण्यांची काच बघायला माझ्यावर वाकल्या.

"एवढुसं? ह्यानं मला लोळवलं व्हय?" त्या हसल्या. मग त्यांनी सहज विचारले, "ह्याच्या आधी कुनाच्या रगतात दिसले व्हते का ओ?"

"दिसले होते," रेणुकादास म्हणाले.

"मंग ते झाले न्हवं बरे?"

रेणुकादासांनी जुन्या रिपोर्टांची वही उघडली; पानोपानी 'दूषित नमुना' लिहिलेले होते. उत्तर मलाही ठाऊक नाही. त्यातल्या बहुतेक बाटल्या खरोखर दूषित असतील. सगळ्या होत्या का?

मित्रांनो, ताप रेंगाळला तर अंगावर काढू नका. दाढ काढली असेल, जुने दुखणे असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. दोन बाटल्या मागितल्या, तर दोन द्या. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्याच्या नळीला डोळा लावलाच, तर दिसेल त्यावर लगेच शिक्का मारू नका. आधी उठा, खिडकीशी जा आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, ताप कधीपासून येतोय.