तलावपाळीवरची चौपाटी

आमच्या गावाहून समुद्र पाहायचा तर मूर्तिजापूरला गाडीत बसावं लागतं आणि डुलक्या घेऊन मान अवघडली की मग तो येतो. तरीही आमच्या गावात चौपाटी आहे. मागच्या दिवाळीआधी झाली. पूर्णेची रेती ट्रकांनी आणून तलावाच्या पाळीवर पसरली, फायबरची सहा नारळाची झाडं रोवली, आणि रंगीत दिव्यांच्या मोठाल्या अक्षरांत गावाचं नाव लिहून त्याच्याआधी लाल बदाम काढला. पाणी तेवढं आमचं आधीपासूनच खारं आहे, खारपाणपट्ट्यातलं. त्यासाठी सरकारला खर्च पडला नाही. मे महिन्यात त्या रेतीत दुपारी शेंगदाणे भाजून निघतील, पण फोटो झकास येतात.

माझं नाव सहदेव. पाळीसमोरच रस्त्याच्या अलीकडे माझं दुकान. दोर, टोपल्या, ताडपत्र्या, खराटे, पोती; बाजारात बसणाऱ्या माणसाला लागेल ते सगळं माझ्याकडे मिळायचं. आणि बाजार म्हणजे पाळीवरचा. रोज चार वाजले की माळ्यांच्या बाया आपापल्या मळ्यांतून टोपली घेऊन यायच्या आणि कडुनिंबापासून पार धोबीघाटापर्यंत रांग लागायची. माझ्या दुकानाच्या अगदी नाकासमोर पार्बताबाई. तिची जागा म्हणजे एक काळा चपटा दगड. नवऱ्यानं बैलबंडीतून आणून टाकला होता. नवरा गेला, दगड राहिला, आणि त्या दगडावर बसून तिनं एक मुलगा मार्गी लावला आणि आता नातीला शिकवत होती.

आमचं भांडण तीस वर्षांचं. विषय एकच, पाला.

"पार्बताबाई, हा पाला कोण उचलणार? माझ्या पायरीपर्यंत आला आहे."

"गाय येतेच ना भाऊ आता. खाऊन घेते."

"आणि गाय शेण टाकते, ते?"

"तेबी मीच नेतो गवऱ्याले. तुमी काहून जीव काढता?"

एवढं झालं की संध्याकाळी उठताना ती मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, माझ्या गल्ल्यावर टाकायची. वहिनीले द्या, म्हणायची. मी नको म्हणायचो, ती ऐकायची नाही. आमच्या घरच्या वरणावर तीस वर्षं तिच्याच मळ्यातला सांबार पडला. तरी खरं सांगतो, मला त्या बाजाराची लाज वाटायची. अमरावतीहून कोणी पाहुणा आला की मी त्याला मागच्या गल्लीतून घरी न्यायचो.

मग नगरपरिषदेला योजना आली. तलाव आणि जुनी बाजारपेठ सुंदर करायची. रस्ता रुंद, खाली सिमेंटचे गट्टू, बाकडी, दिवे. नागरिकांची समिती नेमली आणि दुकान समोरच म्हणून मला तिच्यात घेतलं. छातीवर लावायला बिल्ला दिला. सभागृहात पडद्यावर चित्र दाखवलं. चित्रात फुगे घेतलेल्या मुली होत्या, सायकलवाला होता, दोरी बांधलेलं कुत्रं होतं. भाजीवाली नव्हती, पण ते तेव्हा मला दिसलं नाही. मला माझं दुकान दिसलं. त्याच्यावर निळी-पांढरी पाटी होती.

योजनेत एक गोष्ट चांगली होती. पूर्वेकडच्या अंगाला पत्र्याच्या सावलीत पक्के ओटे बांधणार होते. जो आज पाळीवर बसतो त्याला ओटा, कायमचा, नावानिशी. मी ही बातमी स्वतः रांगेत फिरून सांगितली. पार्बताबाई म्हणाली, "पान्यापावसाचं डोक्यावर पत्रा आला तर मी तुमाले पेढे देईन, भाऊ." मी म्हणालो, "पेढे नकोत, पाला उचल."

पाहणीचा दिवस ठरला. अमरावतीहून साहेब येणार, जागा मोजणार, फोटो काढणार. आदल्या दिवशी मी बिल्ला लावून पाळीवर गेलो आणि म्हणालो, "उद्या कोणी टोपलं मांडायचं नाही. पाहुणे येत आहेत. सगळी पाळ झाडून घ्या, सडा टाका, रांगोळी काढा. गावाची शोभा दिसली पाहिजे."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. पार्बताबाई दगडावरून उठली नाही.

"पन भाऊ, ते आमालेच पाहाले येऊन रायले ना? आमीच नसलो त पाहतीन काय?"

काय चुकीचं विचारलं होतं तिनं? त्या दिवसात गावात कोणी शहाणपणाचा एक प्रश्न विचारला असेल तर तो तिनं. आणि मी तिच्यावर खेकसलो. म्हणालो, "मी आहे ना तिथे समितीवर! माझ्यावर भरोसा नाही का? तुझा सडका पाला पाहून साहेब तोंड फिरवून गेले तर? आधी साफ जागा पाहू दे. मग मी हाक मारतो, तुम्ही समोर या."

तिनं समोरची मेथीची जुडी उचलून टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "तुमी म्हनता त बरं. तुमच्यासाठी एक दिवस मेथी गाईले घालतो."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी पाळीवर गेलो आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. घरी लेकीला पाहायला पाहुणे यावेत तशी त्यांनी पाळ सारवली होती. ठिपक्यांची रांगोळी कडुनिंबापासून धोबीघाटापर्यंत. एक काडी नाही, एक देठ नाही. पार्बताबाईनं आपला दगडसुद्धा धुतला होता आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. बाया मारुतीच्या देवळाआड उभ्या होत्या, लग्नात नेसतात त्या साड्या नेसून, माझ्या हाकेची वाट पाहत.

साहेब आले. सोबत एक मॅडम, हातात मोबाईल. टेप लावून मोजमाप झालं, फोटो झाले. साहेब चालता चालता थांबले.

"अरे वा! तालुक्याच्या गावात इतकी स्वच्छता मी पाहिली नाही. आज मुद्दाम केलंत की काय?"

मला उत्तर माहीत होतं. देवळाआडून पार्बताबाईच्या साडीचा हिरवा काठ दिसत होता. मी फक्त हात वर करायचा होता. पण साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि माझ्या तोंडून एकदम पुण्याची भाषा निघाली.

"नाही हो साहेब. रोज असंच असतं."

"इथे कुणी विक्रेते वगैरे?" मॅडमनं विचारलं.

"छे. किरकोळ. आठवडी बाजाराला थोडेफार."

हे मी का बोललो, ते मला आजही सांगता येत नाही, आणि येतंही. तीस वर्षं मला ती पाळ जशी हवी होती तशी ती त्या सकाळी होती. दहा मिनिटं मला ती तशीच राहावी असं वाटलं. बस, दहा मिनिटं. नंतर सांगू, असं मनात होतं. मॅडमनं कागद पुढे केला, मी समितीचा सदस्य म्हणून झोकात सही केली. वाचलं नाही. साहेबांना अकोल्यात दुसरी बैठक होती, ते चहासुद्धा न घेता गेले.

बाया देवळाआडून पुढे आल्या. "बोलावलं नाही भाऊ?" पार्बताबाईनं विचारलं.

"घाईत होते," मी म्हणालो. "पण मी सगळं सांगितलं. तुझी जागा पक्की."

पुढे टिनाचे पत्रे ठोकून पाळ बंद झाली. बाया कुठं कुठं बसल्या. कोणी स्टँडवर, कोणी दवाखान्यासमोर. तिथून त्यांना उठवायचे, मग त्या आणखी पुढे सरकायच्या. पार्बताबाई अधूनमधून दुकानात डोकावायची, पत्र्याच्या फटीतून आत पाहायची. "माहा दगड दिसते का भाऊ तुमाले इथून?" दगड मला दिसायचा नाही. तो मलब्यात कधीच गेला होता.

मग नगरपरिषदेच्या भिंतीवर ओट्यांची यादी लागली. आइस्क्रीम, चायनीज, मंच्युरियन, सोडा, पिझ्झा. एकही भाजीवाली नाही. बाया सरळ माझ्या दुकानावर आल्या, आणि मी तावातावानं नगरपरिषदेत गेलो. खरोखर तावातावानं. टेबलावर हात आपटला. तिथल्या बाबूनं शांतपणे फाईल काढून माझ्यासमोर उघडी केली. फोटो होते, सारवलेली पाळ, ठिपक्यांची रांगोळी, मध्ये मी बिल्ला लावून. खाली टाईप केलेलं: सदर जागा मोकळी व स्वच्छ असून तेथे कायमस्वरूपी कोणीही विक्रेता बसत नाही. त्याखाली माझी सही. झोकदार.

"तुमच्याच सांगण्यावरून झालं ना काका?" बाबू म्हणाला. "बदलायचं असेल तर लेखी द्या. त्या दिवशी मी साहेबांना खोटं सांगितलं, असं लिहा आणि सही करा. मी पाठवतो वर. अजून वेळ गेलेली नाही." त्यानं एक कोरा कागदही दिला. माणूस वाईट नव्हता तो. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

कागद घेऊन मी घरी आलो. टेबलाशी बसलो, पेन काढलं. माझा मुलगा रोहित शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं मला सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, दुकानाच्या जागी आपन कॅफे काढून रायलो, त्याची परवानगी त्याच फायलीत हाय. तुमी खोटं बोलले असं लिहून द्यान, मंग समितीतून काढतीन, आन आपलाबी कागद अडकवतीन. दोर आता कोन घेते? मी दोर इकू का जन्मभर?"

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. पेन खाली ठेवून मी म्हणालो, "उद्या पाहू." कोरा कागद दाभणाच्या खणात ठेवला. तो उद्या आला आणि गेला, आणि तसे पुष्कळ गेले. बायांना मी सांगत राहिलो, वर बोललो आहे, होईल. आधी त्या रोज विचारायच्या, मग आठवड्याला, मग विचारेनाशा झाल्या. मला तेव्हा हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

उद्घाटन झालं. आमच्या दुकानावर निळी-पांढरी पाटी लागली, चित्रातल्यासारखी. रोहित कॉफी विकतो, पोरं-पोरी येतात, रेतीत उभं राहून लाल बदामासोबत फोटो काढतात. माझे दोर मागच्या खोलीत आहेत. मी काउंटरच्या कडेला खुर्ची टाकून बसतो. रस्ता देखणा आहे, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी दिवे लागले की पाळ छान दिसते. माझ्या पायरीवर पाला येत नाही. मला मात्र चार वाजले की काही सुचेनासं होतं.

पार्बताबाई आता दारोदार फिरते. डोक्यावर टोपलं, गुडघे धरत. आमच्या गल्लीत ती येत नव्हती. गेल्या सोमवारी ती चौकातून चालली होती आणि कॅफेत आलेल्या माझ्या बायकोनं तिला पाहून हाक मारली. ती थांबली. माझ्या मनात आलं, आता शिव्या देईल. देऊ दे. मी कधीपासून त्याच तयारीत बसलो होतो.

ती आली. पायरीवर टोपलं टेकवलं. कमरेतून एक घडी केलेला कागद काढला, पायरीवर नीट पसरला आणि त्यावर मेथीच्या जुड्या ठेवल्या.

"माय वं, कागद कायले?" बायको म्हणाली.

"पाला पडते ना वहिनी. साहेबायच्या दुकानापुढे घान कायले?"

साहेब. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं पाहिलं नाही. मग मी कागदाकडे पाहिलं. नगरपरिषदेच्या फायलीतल्या त्याच कागदाची झेरॉक्स होती. मेथीच्या मुळांची माती त्यावर सांडली होती, पण खालची ओळ स्वच्छ वाचता येत होती, आणि तिच्याखालची सही. तिची नात आचल अमरावतीला कॉलेजात आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून तिनं काढली असणार.

"सांबार नाही का गं?" बायकोनं विचारलं. तिला यातलं काहीच माहीत नाही.

"हाय ना वहिनी. तोलून देतो."

तिनं सांबार तराजूत घातला. काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. एक काडी जास्त झाली, ती काढून परत टोपल्यात टाकली. पैसे पदराला बांधले. मग ती गुडघे धरून वाकली आणि पायरीवर, माझ्या खुर्चीच्या पायाशी पडलेलं मेथीचं एकेक पान वेचायला लागली. "राहू दे," मी म्हणालो. "पार्बताबाई, राहू दे ते." माझा आवाज माझ्याच कानांना केविलवाणा वाटला. तिनं सगळी पानं वेचली, त्या कागदात बांधली, कागद पुन्हा कमरेला खोचला, आणि टोपलं डोक्यावर घेताना पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"पाह्यून घ्या साहेब. एखादं पान रायलं असन त सांगा."

ती गेली. मी पायरीकडे पाहिलं. एकही पान राहिलं नव्हतं.