सात नंबरच्या खोलीतलं वाढं

सात नंबरच्या खोलीचं दार धनपाल मगदुमांनी ढकललं, तर आतून कुणी तरी धरून ठेवल्यासारखं ते अर्धंच उघडलं. जोर लावला तेव्हा हिरव्या पात्यांचा एक भारा घसरून त्यांच्या बुटांवर आला. खोली जमिनीपासून छपरापर्यंत वाढ्यानं भरली होती. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ऊस तोडून झाला की तोडकरी ते बैलांसाठी घेऊन येतात.

धनपालांना राग आला. राग यावा इतकं ते घर त्यांच्या जिव्हाळ्याचं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात लोकांचे बंगले आखले होते. निवृत्तीनंतर मनाशी ठरवून हे एकच काम घेतलं होतं. दसरा झाला की बीडकडून बैलगाड्या घेऊन येणारी तोडकरी कुटुंबं कारखान्याच्या मोकळ्या रानात पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. त्यांच्यासाठी नटबोल्टांनी जोडता येणाऱ्या पत्र्याच्या आणि सिमेंट-पाट्यांच्या खोल्या त्यांनी काढल्या. खिडकी, फळी, मागं न्हाणीघर, बारा खोल्यांच्या मधोमध सावलीचा ओटा, पाण्याचे नळ, पोरांच्या शाळेची एक खोली. बैलांसाठी दोनशे पावलांवर, ओढ्याच्या पलीकडे लांबलचक गोठा. माशा नकोत, वास नको. माणसानं माणसासारखं राहावं.

"बाळासो, हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

बाळासो कारखान्याच्या शेती खात्यातला माणूस. तोडकऱ्यांची सगळी व्यवस्था तोच बघायचा. तो कानामागं खाजवत हसला.

"एकाचं न्हाय अण्णा. बारातल्या नऊ खोल्यांत हेच हाय, तीन रिकाम्या. वाढं कोरडं राहतंय, बैलं खूश हैत. तुमच्या खोलीला वैरण तेवढी नावं ठेवत न्हाय बघा."

"आणि माणसं?"

"माणसं गोठ्यात. बैलांजवळ."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं की. समद्यांस्नी ठावं हाय. तुम्ही दर रविवारी येताय, शाळेत पोरांना चित्रं शिकवताय, बाहेरनंच खोल्यांवर हात फिरवून जाताय. गोठ्याकडं कधी आलाय?"

धनपाल कधीच गेले नव्हते. ओढ्यावरच्या फरशीपाशी शेणाचा राडा असायचा, आणि त्यांच्या अंगात पांढरा सदरा असायचा.

"उद्या कारखान्याचे चेअरमन येणार, पैसे देणाऱ्या ट्रस्टची माणसं येणार," ते म्हणाले. "सोमवारपासून पुढच्या चाळीस खोल्यांचे पाये काढायचेत. ह्याच नकाशावर."

"त्याची काळजी करू नगासा. सकाळी खोल्या मोकळ्या करतो. दोन तास माणसं आत बसवतो, एक चूल पेटवतो. पावणं गेलं की ज्याचं त्याच्या जागंवर."

धनपाल "बघू" म्हणाले आणि ओढ्याकडे चालू लागले.

सकाळचे दहा वाजले होते. गाड्या ऊसतोडीच्या फडात गेल्यामुळं गोठा रिकामा होता. खुंट्यांच्या दोन रांगा, आणि दर दोन खुंट्यांच्या मधे पाचट अंथरून त्यावर गोधड्या. भिंतीला पत्र्याच्या पेट्या, दोरीवर लुगडी. तिसऱ्या खुंट्याशी शालूबाई भाकरी थापत होती. तिच्या मागं गोधडीवर दहा वर्षांची स्वप्नाली पालथी पडून वहीत काही तरी काढत होती. तिच्या उजव्या पायाला घोट्यापर्यंत प्लॅस्टर होतं.

"गुर्जी आले," पोरगी म्हणाली आणि उठून बसली.

दोन रविवार ती शाळेत दिसली नव्हती. गावाकडं गेली असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. विचारलं कुणालाच नव्हतं.

"काय झालं पायाला?"

"सर्जाचा पाय पडला," शालूबाई म्हणाली. "राती कशानं तरी बुजला. ती झोपंत व्हती. दोन बोटं मोडली. बैलाचा काय दोष गुर्जी, त्याला अंधारात काय दिसतंय."

"मग तुम्ही खोलीत का झोपत नाही? राखण करायला एक माणूस ठेवला असता."

शालूबाईनं भाकरी उलटली. मुलाला समजवावं तशा आवाजात ती म्हणाली, "बैल म्हंजी काय सायकल हाय का, कुणाच्या बी ताब्यात द्यायला? राती दोनदा वैरण टाकावी लागती. पोट फुगलं तर हुंकारावरनं आमालाच कळतंय, दुसऱ्याला काय कळणार? तीन वाजता गाडी जुपायची. बैल गेला तर आमचा हंगामच गेला."

"पण कोपीतसुद्धा बैल जवळच असायचे ना?"

"दारात असायचे. आमी आत, ते दारात, मधी पाचटाचा कूड. आतनं नुसती मान वर केली की दिसायचे. हितं मधी कायच न्हाय."

एवढं बोलून ती परत परातीकडं वळली. तक्रार अशी तिनं केलीच नाही. धनपालांना वाटलं, हिनं दोन शब्द ओरडून बोलायला हवे होते.

"अजून चित्रं काढतेस?" त्यांनी स्वप्नालीला विचारलं.

तिनं वही पुढं केली. पानभर मोठं घर, खिडकीला गज, दार. आणि अगदी वरच्या कोपऱ्यात मुंग्यांएवढे दोन बैल.

"लांबचं ल्हान दिसतंय," ती अभिमानानं म्हणाली. "तुमीच शिकवलं."

धनपालांचा हात वहीवर तसाच राहिला.

गेल्या हंगामात नकाशाचं काम सुरू करताना त्यांनी ह्याच पोरांना कागद वाटले होते. सांगितलं होतं, तुमचं घर काढा. माणसांना विचारलं की ती साहेबाला बरं वाटेल ते सांगतात, पोरं खरं काढतात, हे ते सगळ्यांना सांगत असत. स्वप्नालीनं टोपलीएवढी कोपी काढली होती आणि तिच्या दारात, कोपीच्या दुप्पट उंचीचे दोन बैल. बैलांच्या पायांमधून कोपीचं दार दिसत होतं, आणि दारात एक वेण्या घातलेलं डोकं. धनपाल तिच्याशेजारी मांडी घालून बसले होते. कधीही पोरावर न चिडणारा माणूस. तिच्यावरही चिडले नाहीत. खोडरबर घेऊन त्यांनी हळूच बैल पुसले, आणि तिचा हात धरून कोपऱ्यात, लांब, लहान बैल काढायला शिकवले. "हे बघ, असं. आता घर कसं उठून दिसतंय." पोरगी काही वेळ पुसलेल्या जागेकडे बघत राहिली होती. मग म्हणाली होती, "व्हय गुर्जी."

तो कागद त्यांनी घरी कामाच्या टेबलासमोर लावला होता. त्याच्याकडे बघत बघत सगळा नकाशा काढला होता.

संध्याकाळी कसबा बावड्यातल्या घरी दिवेलागणीच्या आत जेवण उरकलं. सूर्यास्तानंतर त्या जैन घरात कुणी जेवत नसे. ताटातली भाजी तशीच राहिलेली त्यांच्या पत्नी अरुणाताईंनी पाहिली. धनपाल टेबलासमोर उभे होते. कागदावर खोडलेल्या बैलांच्या रेघा पुसट दिसत होत्या. शिंगं तर चांगलीच दिसत होती.

त्यांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "बाळासो म्हणतो उद्या निभावून नेऊ. नंतर गोठ्यात एक लाकडी आडभिंत घालून घेता येईल. सगळ्यांसमोर तमाशा कशाला?"

"घाला की आडभिंत," अरुणाताई म्हणाल्या. "पण अहो, आपल्या घरात बारीकसा जीवही मरू नये म्हणून तुम्ही पाणी गाळून घेता. त्या पोरीच्या पायाचं काय ते तुम्हीच ठरवा. मला विचारू नका."

त्यांनी ताट उचललं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाळासोनं शब्द पाळला. खोल्या झाडून लख्ख होत्या. ओट्यावर बायका रांगेत बसल्या होत्या, डोक्यावर धुतलेले पदर. सात नंबरच्या खोलीत कुठून तरी आणलेल्या खाटेवर स्वप्नाली बसली होती. पायावर नवी चादर घातली होती. प्लॅस्टर दिसत नव्हतं.

चेअरमन दारातूनच बघून पुढं गेले. ट्रस्टच्या वर्षाराणीताई मात्र आत आल्या. खिडकी उघडून बघितली, फळीवरून बोट फिरवलं आणि खाटेवर बसल्या. त्यांना पोरांची आवड होती.

"काय गं बाळ, नवीन घर आवडलं का?"

स्वप्नालीनं धनपालांकडे बघितलं. शाळेत फळ्यावरचं उत्तर वाचण्याआधी ती असंच बघायची. बरोबर ना, असं विचारणारं ते बघणं होतं.

"आवडलं," ती म्हणाली.

"रात्री झोप लागते छान?"

"लागती."

बाळासोनं समाधानानं मान हलवली. वर्षाराणीताईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. दारातून शालूबाई जमिनीकडे बघत होती.

धनपालांनी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट मनापासून शिकवली होती: दिसतं ते काढा, आहे ते सांगा. आणि ही पोरगी त्यांच्याकडे बघून, त्यांना सांभाळून घेण्यासाठी, शिकवल्याबरहुकूम खोटं बोलत होती. तेही त्यांनीच शिकवलेलं होतं. एका खोडरबरानं.

"ताई," ते म्हणाले, "ती खोटं बोलतेय. तिला दोष देऊ नका, मी बोलायला लावलं. ती इथं राहत नाही. इथं कुणीच राहत नाही."

"अण्णा," बाळासो हळू आवाजात म्हणाला, "काय करताय?"

धनपालांनी चादर बाजूला केली. प्लॅस्टरकडे बघून वर्षाराणीताईंनी हात मागं घेतला.

"माझ्या नकाशामुळं झालं हे," धनपाल म्हणाले. "चला, माणसं कुठं राहतात ते दाखवतो. ओढ्यावर राडा आहे, चपला खराब होतील."

त्यानंतरचा तास काही सुखाचा गेला नाही. चेअरमन गोठ्यात दोन मिनिटं थांबले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पाव्हण्यांसमोर आमचं नाक कापायची हौस होती व्हय? आदल्या दिवशी सांगता आलं असतं."

"काल सांगायला हवं होतं," धनपाल म्हणाले. "दिवाळीतच यायला हवं होतं."

"मग आता चाळीस खोल्यांचं काय करायचं?"

"सोमवारी पाये काढायचे नाहीत. नवा नकाशा मी देतो, पण मी एकटा काढणार नाही. आणि ह्या बारा खोल्या बोल्टच्या आहेत. उघडतात."

चेअरमन गाडीत बसले ते दार जोरात लावूनच. दोन दिवसांनी वर्षाराणीताईंचा निरोप आला: खोल्या हलवा, पुढचं नंतर बघू. चाळीस खोल्या ह्या हंगामात होणार नव्हत्या, हे धनपालांना समजलं. चाळीस कुटुंबं ह्याही वर्षी पाचटात राहणार होती. तेही आपल्याच खात्यात, असं मनात आलं आणि त्यांनी ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

आठवड्यानं, फडावरून गाड्या परत आल्यावर, स्वप्नालीचा बाप ज्ञानू आणि चार गडी बोल्ट खोलायचे पाने घेऊन सात नंबरच्या खोलीला लागले. सगळ्यांत आधी तीच हलवायची, असं धनपालांनी ठरवलं होतं. दुपार कलेपर्यंत खोलीच्या भिंती एकावर एक रचून गाडीत पडल्या, आणि सर्जा-राजानं त्या ओढ्यापलीकडे नेल्या.

धनपाल जमिनीवर आखणीसाठी चुन्याची फक्की टाकत होते. इथं भिंत, इथं दार, आणि दारापुढं बैलांच्या दोन खुंट्यांच्या जागा. खुंटे त्यांनी दारापासून पंधरा फूट लांब धरले होते. सवयीनं.

स्वप्नाली काठी टेकत आली. प्लॅस्टर अजून निघायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धाकटं बोट थोडं वाकडंच राहील. जिथं खोलीची मागची भिंत येणार होती तिथं तिनं गोधडी अंथरली आणि सरळ आडवी झाली. मान वर करून तिनं दाराच्या दिशेनं बघितलं.

"न्हाय दिसत," ती म्हणाली.

"काय नाही दिसत?"

"सर्जा. दिसायला पायजे." मग ती जरा थांबली. "चालंल ना गुर्जी?"

"मला विचारू नकोस," धनपाल म्हणाले. "तूच सांग."

ती उठली, लंगडत खुंट्याच्या खुणेपाशी आली आणि चांगल्या पायाच्या टाचेनं त्यांची पांढरी फक्की घासून मातीत मिसळून टाकली. सगळी जाईना तेव्हा पुन्हा घासली. मग दाराकडं दोन पावलं सरकून उभी राहिली. धनपाल फक्कीचं घमेलं घेऊन तिच्या पायाशी उकिडवे बसले.

"हितं?" त्यांनी तिच्याच बोलीत विचारलं.

पोरगी विचार करत होती. धनपाल थांबून राहिले. त्यांची नजर प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या काळ्यानिळ्या बोटांवर होती.

"न्हाय," ती म्हणाली. "अजून जवळ."