धरून ठेवलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी चामडी बॅग आहे. माझे कोपरे झिजले, कुलूप बिघडले, पण ताठा अजून गेलेला नाही. का जावा? मी खोगिराच्या कातड्याची आहे. अमेरिकेतल्या आमच्या यूटा राज्यातल्या एका खोगीर शिवणाऱ्याने मला आपल्या लेकीसाठी शिवले. ती लेक, आर्दिस लुंडग्रेन, तेव्हा गावच्या कॉलेजात कायद्याची प्राध्यापक झाली होती.

माझ्या एका कप्प्यात कायद्याची जाडजूड पुस्तके असत, दुसऱ्यात बायबल आणि आमच्या मॉर्मन पंथाचा ग्रंथ. मला मिटताना ती म्हणे, "भांडू नका रे आतल्या आत!" वर्गात विद्यार्थी तिला टरकून असत. मी टेबलावर आदळले की सगळे चिडीचूप. काय दिवस होते ते!

मग एकदा ती कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून बोलली. बायकांना कायद्यात पुरुषांइतकेच हक्क हवेत, असे तिने ठणकावून सांगितले. आमच्या चर्चच्या पुढाऱ्यांचा याला विरोध होता, आणि पेपरात तिचा फोटो आला. त्या रविवारी प्रार्थनेला तिची तीस वर्षांपासूनची मैत्रीण, लाव्हॉन, शेजारी टेकली आणि फणकारली, "जगासमोर आमची शोभा करून आलीस ना? गप्प बसवत नाही तुला!"

"खरं बोलले. त्यात शोभा कसली?"

लाव्हॉन उठून चार बाक पुढे जाऊन बसली. तिच्यामागून बाकीचेही सरकले. पुढच्या रविवारी आर्दिसने मला शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवले. ती जागा तिला बघवत नव्हती.

तिथेच चुकले. आमच्याकडे घरटी सहा-सात मुले, म्हणून बाकावर बॅग ठेवली की जागा धरली असे समजतात. दुसऱ्याच्या बॅगेला कोणी हात लावत नाही. हे आम्हा दोघींच्या ध्यानातच आले नाही.

पवित्र पावाचे तबक बाकाबाकावर हातोहात सरकते. आमच्या बाकावर मात्र ते तिच्या एकटीसाठी येई आणि तसेच मागे जाई. अशी तीन वर्षे गेली. हक्कांच्या चळवळीतल्या बाया हसत, "त्यांच्या धर्मात चालत नाही म्हणून कॉफीसुद्धा पीत नाहीस! त्या लोकांत जातेस तरी कशाला?"

"माझी माणसं आहेत ती," ती म्हणे. घरी मला समोरच्या खुर्चीवर ठेवून जेवे, माझ्याशी बोले. मला फार वाईट वाटे. मी काय उत्तर देणार?

शेवटी एका शनिवारी तिने मंडळीच्या प्रमुखाला, बिशपला, पत्र लिहिले, "मंडळीतून माझे नाव काढून टाका." उद्या त्याच्या हातात देईन म्हणून तिने ते माझ्या कप्प्यात ठेवले.

दुसरा दिवस उपासाचा रविवार होता. त्या दिवशी सगळे उपाशी येतात आणि ज्याला वाटेल तो पुढे जाऊन मनातले बोलतो. लाव्हॉन उठली.

"रागाच्या भरात मी एका मैत्रिणीजवळून उठले," ती म्हणाली. "महिन्याभरात माफी मागायला आले, तर शेजारी बॅग. म्हटलं, बाईंनी जागा दुसऱ्या कुणाला दिली. मग मीही हट्टाला पेटले. आज विचारतेच. आर्दिस, कुणासाठी धरून ठेवलीयस गं ती जागा?"

सगळ्या माना मागे वळल्या.

"तुझ्यासाठीच गं, बये!"

लाव्हॉन तरातरा आली. "मग उचल की हे धूड! आणि तुझी मतं मला अजून पटलेली नाहीत हं!"

"नसू देत पटलेली. बस तू."

आणि मी धाडकन जमिनीवर आले. इतका आनंद मला टेबलावरही कधी झाला नव्हता. पुढच्या रविवारी आर्दिसने तबक शेजारच्या हातात दिले.

आर्दिस आता नाही. लाव्हॉनच्या तळघरात, पीचच्या बरण्यांशेजारी मी पडून आहे. ते पत्र अजून माझ्याच पोटात आहे. मला ती जेवणाची वेळ फार आठवते.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसा, असे मी म्हणत नाही. पण शेजारी बॅग ठेवून कोणी एकटे बसलेले दिसले, तर जागा भरली आहे असे समजून पुढे जाऊ नका. एकदा विचारा. आम्हा बॅगांना खाली बसायला काही वाटत नाही.