बाटलीचं तापमान

शीतखोलीत लसींची बेचाळीस खोकी होती, चार मांडण्या, एक पेन, एकोणीस कागद आणि दाराला पाठ लावून स्टुलावर बसलेला माजी मॅनेजर. त्याच्या मांडीवर सुरा होता. समोर गोदामात तापमानाच्या नोंदी ठेवणारी ती उभी, तिचा फोन त्याच्या खिशात.

कागदांवर गेल्या वर्षीच्या तापमानाच्या नोंदी होत्या, त्यानेच बनवलेल्या, सगळ्या ठाकठीक. खऱ्या नोंदी तिने वर पाठवल्या म्हणून त्याची नोकरी गेली होती. आता खटला उभा राहत होता. सह्या कर, सोडतो, असं तो म्हणत होता. सह्या झाल्या की त्याला आपण जिवंत नकोच असणार, हे तिला कळत होतं.

नोकरीत असताना तो दारावरचा काटा बघून आकडे भरायचा. अलार्मचा सेन्सर कुठे असतो, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. दार उघडताच आकडा उडू नये म्हणून सेन्सर पाण्याच्या लहानशा बाटलीत बुडवून मधल्या मांडणीवर ठेवलेला असे. ती त्याच मांडणीला टेकून खोक्यावर बसली. डावा हात हळूच मागे नेऊन तिने बाटली कोटाच्या आत, काखेत धरली. पाणी चार अंशांचं होतं. अंगावर सर्रकन काटा आला.

बाटली आठ अंशांच्या वर सलग दहा मिनिटं राहिली की मशीन सांभाळणाऱ्या मिस्त्रीला आपोआप फोन जातो. तो आधी तिला फोन करतो आणि तिने उचलला नाही तर स्वतः येतो. खोलीत घंटा वाजत नाही, म्हणून ती मनात सेकंद मोजत राहिली.

"वाचतेस काय? लग्नपत्रिका आहे का ती?"

वाचल्याशिवाय सही करत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, असं ती म्हणाली आणि पाचव्या कागदाकडे वळली. हात असा का आवळलाय, त्याने विचारलं. थंडी वाजतेय, ती म्हणाली.

"थर्मामीटरला थंडी," तो हसला. गोदामात तिला सगळे याच नावाने चिडवायचे. हसताना त्याचेही दात वाजत होते.

सेन्सरची वायर जेमतेम हातभर होती. जरा पुढे वाकलं की सेन्सर बाहेर येणार. ती ताठ बसून सह्या करत राहिली.

चौदाव्या कागदावर फोन वाजला. त्याने तो बंद केला. "कोण हा?"

"मिस्त्री. रोजच करतो."

पंधरावा. सोळावा. तिने पेन झटकलं, शाई गोठलीय म्हणाली. तो सुरा घेऊन अर्धवट उठला, तोच तिने घाईने सही केली आणि तो पुन्हा टेकून बसला. सतरावा. अठरावा.

शीतखोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ते उघडलं तसा तो स्टुलासकट उताणा पडला. वॉचमनने त्याच्या मनगटावर पाय ठेवला आणि दोन हमालांनी त्याला दाबून धरलं.

"ताई, बाहेर आकडे बघितले," मिस्त्री म्हणाला. "खोली गार आणि बाटली गरम. मशीन बिघडलं असतं तर दोन्ही वाढले असते. म्हटलं, कुणीतरी बाटली धरून बसलंय. त्यात तुमचा फोन कापला, म्हणून यांना घेऊन आलो."

तिने बाटली जागेवर ठेवली आणि खरी नोंदवही मागितली.

दुपारी २.५०. बाटली १७.२. खोली ४.१. खोकी बेचाळीस.