द्राक्षासवाच्या बाटलीतली वाईन

मित्रांनो, मी द्राक्षासवाची एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल का, शंकाच आहे. पण मनातली एक भीती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भट्टीत तापून माझा जन्म झाला. पुढे औषधाच्या दुकानातून मी नेरूळला यशोदाबाईंच्या घरी आले. "पोट कसं हलकं वाटतंय!" म्हणत त्या माझं कौतुक करत. औषध संपलं आणि मी कपाटात मागे पडले.

मला पुन्हा बाहेर काढलं ते त्यांच्या यजमानांनी, कमळाकररावांनी. रेड वाईनमधले पॉलिफेनॉल नावाचे घटक हृदयाला चांगले, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. हे घटक द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतात, आणि जातीप्रमाणे कमीजास्त होतात. म्हणून त्यांनी आधी शिराझ जातीच्या द्राक्षांची वाईन आणली, मग काबर्ने जातीची. घरात वाईन चालली नसती, म्हणून ती गुपचूप माझ्यात ओतली. जेवणानंतर दोन झाकणं, तितकंच पाणी. अगदी द्राक्षासवासारखी!

मला मात्र धडकीच भरली. अंगावर नाव एक आणि पोटात दुसरंच.

एके दुपारी, यजमानांनी नवं औषध आणलंय असं समजून, यशोदाबाईंनी मला उचललं. त्यांची लहानगी नात ईश्वरी जेवत नव्हती.

"ये गं ईशू, चमचाभर घे. बघ कशी भूक लागते."

"आजी, घाण वास येतोय."

"औषधाला काय अत्तराचा वास येणार? आ कर."

पेपरमागून कमळाकररावांचे डोळे दिसले. ते सगळं पाहत होते. बायकोसमोर फजिती होईल म्हणून ते गप्प होते आणि चमचा पुढे जात होता. मित्रांनो, भट्टीतही मी इतकी घाबरले नव्हते.

"थांब!" अखेर ते ओरडले. "ते द्राक्षासव नाही. वाईन आहे."

चमचा खाली पडला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"हृदयाला बरी म्हणून... शिराझच्या सालीत..."

"सालीत असतं ना? मग द्राक्षं खा की सालासकट! डॉक्टरांना विचारलंत?"

यशोदाबाईंनी ईश्वरीला छातीशी धरलं.

मग त्यांनीच मला बेसिनमध्ये उलटं केलं. आता मी रिकामी आहे. पण अंगावरचा नावाचा कागद तसाच आहे. उद्या कुणी माझ्यात फिनेल भरलं तर?

मित्रांनो, आपल्याच मनाने कशालाही औषध ठरवू नका. एका नावाच्या बाटलीत दुसरं काही भरू नका. आणि मला टाकण्याआधी, माझा हा कागद तेवढा फाडा.