सरांची खाकी पँट

आमचे सर वनस्पती विभागाचे प्रमुख. जीव उंच झाडांवर, म्हणून मान कायम वर. माझं झाड नखाएवढं. वर्षावनातल्या पाचोळ्याखाली राहतं, पानं नाहीत, हिरवा रंग नाही, बुरशीच्या जिवावर जगतं. थोडक्यात फुकट खातं, आमच्या विभागातल्या निम्म्या लोकांसारखं.

तीन वर्षं मी गुडघे टेकून पाचोळा उलटत होते. फळं मिळाली, फूल काही मिळेना. आणि फूल दाखवल्याशिवाय झाड नवीन आहे हे कोणी मानत नाही. शेवटी माझं काम बंद करायचं का ते ठरवायला सर स्वतः जंगलात आले. ठरवूनच आले होते, तोंडावर दिसतच होतं.

नेमकी त्याच सकाळी मला एक जांभळी कळी दिसली. दुपारपर्यंत उमलेल म्हणून शेजारी लाल झेंडी खोचली आणि सरांना आणायला गेले.

"दाखव बाई, कुठंय तुझं ते जगावेगळं झाड?"

मी पिशवीतून भिंग काढेपर्यंत सरांनी मध्ये येणारी झेंडी उपटली, बाजूला ठेवली आणि "हुश्श" करून तिथेच बसले.

मी ओरडले, "सर, उठा!"

"अगं, आत्ता तर टेकलोय."

"उठा म्हणते ना!"

उठले. जमिनीवर काहीच नव्हतं. मग मी त्यांच्या मागे गेले. पँटच्या बुडाला फूल चिकटलं होतं, पूर्ण उमललेलं आणि सपाट.

"सर, पँट काढा."

"डोकं फिरलं का तुझं?"

"खरवडलं तर तुकडे होतील. हा घ्या माझा रेनकोट."

नाहीतरी आम्ही फुलं दाबूनच ठेवतो. त्याला वजन लागतं, ते इथे भरपूर मिळालं होतं.

रेनकोट सावरत सर भिंगावर वाकले.

"अगं, आतून पिवळं आहे गं!"

मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय? काम चालू ठेव," ते म्हणाले.

शोधणाऱ्याने झाडाला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, अशी आमच्यात रीत आहे. मी सरांचं दिलं. लोक म्हणाले, मस्का मारला. म्हणोत बापडे. कापडाचा तुकडा फुलासकट संग्रहालयाच्या कपाटात आहे, आणि पँटला एवढं भोक पडलं कसं, हे सरांच्या बायकोला अजून कोणी सांगितलेलं नाही.

हल्ली सर माझ्याबरोबर जंगलात येतात. मान खाली घालून चालतात, आणि कितीही दमले तरी दिवसभर कुठेही बसत नाहीत.